‘दुखणार नाही’ म्हणायचं नाही

९ जानेवारी

आज ज्या पोरीने माझ्या दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शनं दिली, तिला कोणी शिकवलं हे मला शोधून काढायचं आहे. स्पिरिट ओलं असतानाच सुई घातली. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आत आग होते, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक हवं. औषध ढकललं ते सायकलमध्ये हवा भरावी तसं. आणि वर म्हणाली, "अम्मची, अजिबात दुखणार नाही."

मी पालथ्या पालथ्याच तिला विचारलं, की रोग्याशी खोटं बोलायची तुझी आजची ही कितवी वेळ. ती हसली. म्हातारी विनोद करते आहे असं तिला वाटलं.

सत्तावीस वर्षं मी नर्सिंगच्या शाळेत सिस्टर ट्यूटर होते. आमच्या पाला गावाच्या आसपास ज्या बायका आज परिचारिका म्हणून मिरवतात, त्यांतल्या निम्म्यांच्या पहिल्या सुया माझ्या डोळ्यांदेखत गेल्या आहेत. दुखणार नाही असं कधीही म्हणायचं नाही, हा माझा पहिला धडा. दुखेल, पण थोडं, मी हळू देईन, असं म्हणायचं. रोगी एकदा फसला की दुसऱ्या वेळी तुमचा हात बघूनच आखडतो, आणि आखडलेल्या स्नायूत सुई दुप्पट दुखते.

पाठदुखी नोव्हेंबरपासून आहे. धाकटा भाऊ औसेप्पच्चन मला तपासण्यांसाठी कोट्टयमला घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला आत बोलावलं, बराच वेळ ठेवलं, मग मला. घरातल्या पुरुषाला आधी सांगायची ही रीत मेल्याशिवाय जायची नाही. हाडं झिजली आहेत, ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी झालंय, तेलकट इंजेक्शनं घ्यावी लागतील, दोन्हीकडे एकेक, आधी पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याने. दोन्हीकडे कशाला असं मी विचारलं. कमतरता मोठी आहे, म्हणाले. फाइल औसेप्पच्चनने काखेत मारली. अकरा वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला तेव्हाही फाइल त्याच्याच काखेत होती. ते दुखणं संपलं, पाच वर्षांनी डॉक्टरांनी हात जोडून निरोप दिला, पण भावाची सवय गेली नाही.

१२ जानेवारी

मिशनच्या इस्पितळात जाऊन लिसम्माला गाठलं. लिसम्मा माझी विद्यार्थिनी, आता तिथली नर्सिंग सुपरिंटेंडंट. तिला म्हटलं, तुझ्या मुली सुई देतात की ढोर डागतात? पुढचं इंजेक्शन मी घरी घेणार, आणि ते डेल्ना देईल. डेल्ना म्हणजे औसेप्पच्चनची नात. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज इथून जवळ म्हणून ऑगस्टपासून माझ्याकडे राहते.

वाटलं होतं लिसम्मा नियम दाखवेल. ती लगेच कबूल झाली. म्हणाली, सिस्टर, मी स्वतः येऊन उभी राहते. चारशे खाटांच्या इस्पितळाची मुख्य बाई एका म्हातारीच्या जीवनसत्त्वासाठी घरी येते. गुरूचा मान अजून शिल्लक आहे म्हणायचा.

१४ जानेवारी

डेल्नाचा हात पाहिला. हात वाईट नाही, डोकं घाबरट आहे. कॉलेजात त्यांना रबराच्या कमरेवर शिकवतात. रबर श्वास रोखत नाही. मी तिला उशीवर दोन पदरी टॉवेल गुंडाळून दिला आणि पाण्याने भरलेली सिरिंज. पन्नास वेळा. विसाव्या वेळेपासून मनगट सुटं झालं.

मग मी पालथी झोपले आणि नुसती जागा शोधायला लावली. कुल्ल्याचे मनाने चार भाग, त्यातला वरचा बाहेरचा. ती म्हणाली, आता कॉलेजात कमरेच्या बाजूला द्यायला शिकवतात, तिथे मोठी नस नसते. मी म्हटलं, ते शिक, पण आधी हे शिक. ती पुटपुटली की या औषधाला हीच जागा सांगितली आहे. औषधाचं एवढं पाठांतर तिने कधी केलं कुणास ठाऊक. अभ्यासू आहे.

पायाचे अंगठे आत वळवायला सांगितले की कुल्ला आपोआप सैल पडतो, हे तिला माहीत नव्हतं. एवढी जाडजूड पुस्तकं आणि अंगठ्याबद्दल एक ओळ नाही.

२३ जानेवारी

डेल्नाचं पहिलं इंजेक्शन. लिसम्मा पायथ्याशी उभी.

डावीकडे दुखलं. सुई जाताना ती थबकली. सुई थबकली की कातडीला विचार करायला वेळ मिळतो. मी पालथी पडून तिला तेवढं ऐकवलं. उजवीकडे बरं झालं. अंगठ्याने जागा दाबून धरायची, दहा अंक मोजायचे, अंगठा उचलायचा आणि त्याच क्षणी सुई. दाबलेल्या जागेला दुसरं काही कळेपर्यंत काम होऊन जातं. औषध किती सावकाश ढकलायचं ते मी मनात ‘नमो मरिये’ ही प्रार्थना म्हणून मोजते. साध्या औषधाला एक पुरते. याला सहा लागल्या. दाट आहे. तेल म्हटल्यावर दाट असायचंच.

झाल्यावर लिसम्मा डेल्नाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. काहीतरी सांगत होती. माझ्याच घरात माझ्याच विद्यार्थिनीने माझ्याच नातीला माझ्या आड शिकवावं, हे काही मला आवडलं नाही.

३० जानेवारी

औसेप्पच्चन या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. बदकाचं कालवण घेऊन. हाच औसेप्पच्चन कुंपणाच्या रबराच्या दोन झाडांवरून चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, कोट्टयमला नेलं तेही कामापुरतं बोलून. आज मोठ्या बहिणीची हाक मारून म्हणाला, "चेची, ती झाडं तुझीच. मीच चुकलो." मी म्हटलं, ते मी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. यावर तो भांडला नाही. बसून राहिला, माझ्या पायांकडे बघत. उशिरा का होईना अक्कल आली.

इटलीहून भाची सिस्टर क्लॅरिस्साही रोज फोन करते. पूर्वी नाताळ-ईस्टरला करायची. त्यांच्या मठात फोन स्वस्त झाला असेल.

६ फेब्रुवारी

आज डेल्नाने मला खूश केलं. हे सहजासहजी लिहिण्यातलं वाक्य नाही.

ट्रे मागून आणला, वर स्वच्छ फडकं. रोग्याला सुई दाखवायची नाही, हा माझाच नियम. सिरिंज आधी अर्धा तास जवळ बाळगून हाताच्या उबेत आणली होती. मी तिला एकदाच सांगितलं होतं की गार तेल स्नायूत खड्यासारखं बसतं. तिने बरोबर लक्षात ठेवलं. स्पिरिट वाळू दिलं, फुंकर न मारता. अंगठा. दहा अंक. आणि मग विचारलं, "अम्मची, तुमच्या पहिल्या वॉर्डातल्या मेट्रनचं नाव काय होतं?"

नाव आठवायला मी मान वळवली आणि सुई आत गेली होती. कळलंच नाही. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा नाही, रोग्याला शोधावं लागेल असं काही विचारायचं. हे मी तिला नुसतं बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं.

मेट्रनचं नाव फिलोमिना. मिशा होत्या तिला.

लिसम्मा म्हणाली, पुढच्या वेळी मी आले नाही तरी चालेल. मी म्हटलं, मीच तुला सांगणार होते.

१८ फेब्रुवारी

फादर आले. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आजाऱ्यांचं पवित्र तेल लावायचं अशी पॅरिशची यंदाची नवी पद्धत आहे म्हणे. मला चौऱ्याहत्तर पुरी झाली, तेव्हा मीही आले. शेजारची अन्नम्मा ब्याऐंशीची आहे, तिला अजून लावलं नाही. क्रमाने घेतो म्हणाले. मग पापकबुली घेतली. मी एवढंच कबूल केलं की लोकांच्या मूर्खपणाचा राग येतो. फादर म्हणाले, देवही समजून घेईल. हा तरुण पाद्री एरवी माझ्याशी वाद घातल्याशिवाय उठत नाही.

पाठ आता खुब्यापर्यंत दुखते. जीवनसत्त्वाला वेळ लागतो.

६ मार्च

चौथं. हात आता माझ्यापेक्षाही चांगला झाला आहे, हे इथे लिहून ठेवते, तिला सांगणार नाही. पण सुई काढून कापूस दाबताना ती रडत होती. मी वळून पाहिलं तर डोळे लाल.

मी तिला समोर बसवून सरळ विचारलं, कोण आहे तो. ती म्हणाली, कोणी नाही. मी म्हटलं, मी वसतिगृहाची वॉर्डन होते. चाळीस मुलींची रडणी ऐकली आहेत. हे रडणं घरच्या आठवणीचं नाही आणि परीक्षेचंही नाही. मुलगा आपल्यांतला आहे की बाहेरचा? ती रडता रडता हसायला लागली, मग पुन्हा रडली. बाहेरचा असणार. औसेप्पच्चनला सांगू की नको याचा विचार करते आहे. न सांगणं बरं. पोरीचा विश्वास आहे माझ्यावर.

१९ मार्च

दार आतून लावून लिहिते आहे.

सोमवार चार तारखेपासून पन्नास दिवसांचा उपवास सुरू आहे. या दिवसांत आमच्या घरात मासळी नाही, मांस नाही, अंडं नाही. पहिल्या दिवशीच मी डेल्नाला सांगितलं होतं की फ्रिजमधला मासळीचा डबा चिंच लावून घास, उन्हात ठेव आणि मग आत ठेव. झालं म्हणाली. दुसऱ्याच्या घासण्यावर मी आजवर भरवसा ठेवलेला नाही. पण पाठीमुळे वाकवत नव्हतं, म्हणून राहिलं. आज सेंट जोसेफचा सण, ती चर्चला गेलेली. खालच्या कप्प्यातून डबा काढला. वास येतो का ते बघायला झाकण उघडलं.

आत दोन खोकी. मेणकागदात गुंडाळलेली. उपवास संपेपर्यंत या घरात मासळीच्या डब्याला कोणी हात लावणार नाही, असा हिशेब केला असणार. भाविक घरातली अक्कल.

आधी माझ्या मनात आलं ते एवढंच: ‘ड’ जीवनसत्त्व फ्रिजमध्ये ठेवत नाहीत.

मग खोक्यातला कागद काढून वाचला. चष्मा घालून, दोनदा. कशावर देतात, कोणत्या बायकांना देतात, रोग परत आल्यावर आणि पसरल्यावर. दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, सावकाश. थंड जागी ठेवा, देण्याआधी बाहेर काढा.

ती जो अर्धा तास सिरिंज हातात धरून बसायची, ती फ्रिजची गारठलेली सिरिंज असायची. माझ्या कुल्ल्याला खडा लागू नये म्हणून ऊब देत होती. आणि मी तिची पाठ थोपटत होते.

मला कॅन्सर आहे. पुन्हा. अकरा वर्षांनी. हे मला औसेप्पच्चनने सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं नाही, लिसम्माने सांगितलं नाही. मासळीच्या डब्याने सांगितलं.

खोकी होती तशी ठेवली, कागद तेवढा काढून घेतला. डबा घासलेला नव्हताच.

२१ मार्च

कोणाला काही बोलले नाही. बघते आहे.

औसेप्पच्चनला माहीत. बदक, झाडं, सगळं त्यातच. लिसम्माला माहीत. भाचीला माहीत, इटलीत. फादरना माहीत, माणूस पवित्र तेल हातात घेऊन खोटं बोलला. आज अन्नम्मा कुंपणावरून म्हणाली, "ब्रिजिता, तू पहिलीपासून धीराची." तिलाही माहीत. दूधवाला या महिन्यात दोनदा तब्येत विचारून गेला. माझं दुखणं कुठवर आलंय हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. माहीत नव्हतं ते फक्त मला, जिच्यात ते आहे तिला.

डेल्ना कालसारखीच कांजी आणि मूग घेऊन आली. पापड भाजलेला. म्हणाली, अम्मची, जेवून घ्या. मी जेवले. तिच्या हातांकडे बघत.

२४ मार्च

लिसम्माकडे गेले. तिच्या टेबलावर खोक्यातला कागद ठेवला.

तिने शिपायाला चहाला पिटाळलं आणि दार लावलं. सॉरी वगैरे म्हणाली नाही, तेवढी अब्रू राखली. कपाटातून स्कॅनचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. मणका, उजवा खुबा, यकृत. मी वाचला. किती दिवस, असं विचारलं. मला विचारू नका सिस्टर, म्हणाली.

मी तिला म्हटलं, पहिल्या दिवशी पहिला धडा काय दिला होता मी तुम्हाला? तू पहिल्या बाकावर बसायचीस.

तिने स्कॅनचा कागद नीट घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "सिस्टर, मी शिकत असताना बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक शाळामास्तरीण होती. रोज तुम्हाला विचारायची, मला काय झालंय. तुम्ही म्हणायचात, डॉक्टरांना विचार. डॉक्टर तिच्या नवऱ्याला सांगायचे. मी तुम्हाला विचारलं होतं, आपण का नाही सांगत. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं? लिसम्मा, आपलं काम सुईचं. सुई दुखू नये एवढं बघ."

हे मुद्दाम उगाळलेलं आहे. वॉर्डातली गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या आधी नर्सने तोंड उघडायचं नाही, असा नियमच होता. मी केला नव्हता. तुला काही झालेलं नाही असं मी त्या बाईला एकदाही म्हटलं नाही. डॉक्टरांना विचार म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि ती परकी होती. मी लिसम्माची गुरू आहे. एवढा फरक जिला कळत नाही तिला चारशे खाटा कोणी दिल्या?

चहा घेतला नाही. घरी येताना रिक्षात त्या मास्तरणीचं नाव आठवलं. इथे लिहायचं कारण नाही.

२६ मार्च

औसेप्पच्चन आला, म्हणजे लिसम्माने फोन केला असणार. दारातच रडायला लागला. सत्तरीचा बाप्या. डॉक्टर म्हणाले होते की धक्का सोसणार नाही. तू ऐकलं असतंस तर औषध घेतलं नसतंस. तुझा स्वभाव आम्हाला माहीत नाही का. आम्ही तुझ्या भल्यासाठी.

मी विचारलं, भलं कोणाचं? मला सांगितलं असतंस तर माझ्या रडण्यासमोर तुला बसावं लागलं असतं. ते चुकवलंस. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा तू चार वर्षांचं भांडण मिटवून गेलास, आणि मला वाटलं माझा भाऊ परत आला.

त्यावर तो म्हणाला, "परत आलोच होतो, चेची."

फाइल ठेवून जा म्हटलं. ठेवून गेला.

१ एप्रिल

आज डेल्नाला सांगितलं की मला माहीत आहे. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि जमिनीवर बसली. म्हणाली, आजोबांनी बायबलवर हात ठेवायला लावला. मी म्हटलं, बायबलवर हात ठेवून खोटं बोलायची शपथ घेतात हे मला कॉन्व्हेंटात शिकवलं नव्हतं.

दुसऱ्यांचं मला तितकं लागलं नाही. म्हातारा भाऊ भित्रा असतो, पाद्री पाद्रीच असतो. पण हिला मी अंगठा शिकवला. दाबायचं, मोजायचं, रोग्याचं मन भलतीकडे न्यायचं आणि तेवढ्यात काम उरकायचं. गुरूची विद्या गुरूलाच. तिने तीन वेळा माझ्यात औषध घातलं आणि तिन्ही वेळा मला कळलं नाही काय घातलं. मेट्रनचं नाव काय, म्हणे. मी मिशांच्या गोष्टी सांगत बसले.

हे सगळं मी तिला बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून नाही विचारायचे मी प्रश्न. तुम्ही काहीतरी विचाराल अशी भीती वाटायची. मी आधी विचारलं की तुम्ही विचारायच्या नाहीत."

मी म्हटलं, आता माझ्या अंगाला हात लावायचा नाही. वसतिगृहात जागा बघ.

ती म्हणाली, बघते. पण तीन तारखेचं कोण देणार? मी म्हटलं, तो तुझा प्रश्न नाही. घेईन की नाही तेही अजून ठरवलेलं नाही.

२ एप्रिल

फाइल सकाळपासून वाचली. सव्वीस पानं. औषधाने गाठी थोड्या आखडल्या आहेत, असं ‘हाडांची’ म्हणून मार्चमध्ये केलेल्या तपासणीत लिहिलंय. म्हणजे काम करतं आहे. न घेणं हा शुद्ध अडाणीपणा. घेणं म्हणजे त्यांना वाटणार, बघा, लपवलं ते बरंच केलं.

इस्पितळात जाऊन त्या ओल्या स्पिरिटवालीकडून घ्यावं असं एकदा ठरवलं. रिक्षावाल्याला फोनही केला. मग नको म्हणून सांगितलं.

डेल्नाने बॅग भरली आहे. दारापाशी आहे. अजून गेलेली नाही, मी जा म्हटलेलं नाही. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना वळसा घालून फिरतो. तिने केलेला भाजलेल्या खोबऱ्याचा सांबार मी जेवले नाही, आणि मग दुपारी पातेल्यातूनच खाल्ला.

३ एप्रिल

सकाळी दहाला तिला हाक मारली. औषध बाहेर काढून ठेव म्हटलं. ते तिने आठ वाजताच काढलं होतं, ओच्यात होतं.

मी सांगितलं, आजपासून या घरात असं होणार. फडकं नको. ट्रे मागून नाही, समोरून आणायचा. खोकं माझ्या हातात द्यायचं, तारीख मी वाचणार. आणि सुई घेण्याआधी रोग्याच्या तोंडावर सांगायचं: औषधाचं नाव, किती, आणि कोणत्या रोगासाठी. पूर्ण रोग. कुठे कुठे आहे ते सगळं. नर्सला एवढं म्हणता येत नसेल तर तिने सुईला हात लावू नये. हे मी सत्तावीस वर्षांत कुणाला शिकवलं नव्हतं, ते आता शिकवते.

ती ट्रे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी खाटेवर सरळ बसले, पालथी नाही.

औषधाचं नाव लांबलचक, अर्ध्यावर अडखळली. पुन्हा म्हणायला लावलं. मात्रा सांगितली. मग थांबली.

"पुढे," मी म्हटलं.

"स्तनाचा कॅन्सर," ती म्हणाली, "परत आलेला."

"कुठे?"

"मणक्यात. उजव्या खुब्यात." ट्रेमधला चिमटा वाजत होता. "यकृतात."

"मोठ्याने म्हण. रोगी म्हातारा आहे."

तिने मोठ्याने म्हटलं. बाहेर अन्नम्मा पाला झाडत होती, तिचा झाडू थांबला. थांबू दे. पहिल्यांदाच माझ्या घरातली बातमी तिने माझ्याच घरातून ऐकली, माझ्या सांगण्यावरून.

मग मी पालथी झोपले. अंगठे आत वळवले. तिने जागा दाबली, दहा अंक मोजले, काही विचारलं नाही. तिचा हात इतका कापत होता की सुई आत गेल्यावरही हलत होती. डावीकडे तिरकी गेली. उजवीकडे दुसऱ्यांदा घालावी लागली. जीव कळवळला. सहा ‘नमो मरिये’ म्हणायला घेतल्या, तिसरीला शब्द हरवले. मी तिला रागावले नाही. रागावण्यासारखं काही नव्हतं. इतकं वाईट इंजेक्शन मला कोणी दिलेलं नाही आणि इतकं खरंही.

भावाला माफ केलेलं नाही, लिसम्मालाही नाही. हिचं अजून ठरवलेलं नाही. बॅग दारापाशीच आहे.

कापूस दाबून धरत तिने विचारलं, "दुखलं?"

"हो," मी म्हटलं. "फाइलमध्ये लिही."